यूएपीएचा खटला: सरकारी वकिलाच्या टेबलावर नेमकं काय येतं

नांदेड, परभणी, बीड किंवा छत्रपती संभाजीनगरात एटीएसनं (राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं) कुणाला उचललं की बातमी दोन-तीन दिवस चालते. पुढची काही वर्षं जे चालतं ते कागदांवर. त्यातले सगळ्यांत नाजूक कागद सरकारी वकिलाच्या सहीनं कोर्टात जातात: मुदतवाढीचा अहवाल, जामीन अर्जावरचा से (सरकारी बाजूचं लेखी म्हणणं), साक्षीदाराचं नाव झाकण्याचा अर्ज, अपील करावं की नाही याचं मत. राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यांत सरकारी वकील काय करतो आणि ही प्रकरणं कुठे घसरतात, ते इथे पाहू. भर यूएपीएवर, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ वर आहे. मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) आणि रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) ओघात येतील.

आधी एक गैरसमज. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, असं बार रूममध्येही सर्रास बोललं जातं. कायदा तसं मानत नाही. टाडाच्या (जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या) काळात हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. आलेली मागणी शिक्का मारून पुढे पाठवणारं टपाल कार्यालय त्यानं होऊ नये. कागद वाचून स्वतःचं मत बनवावं आणि मग अहवाल द्यावा. तीस वर्षं उलटली, तरी या क्षेत्रातल्या सरकारी बाजूच्या बहुतेक पराभवांचं मूळ याच एका वाक्याकडे केलेल्या दुर्लक्षात सापडतं.

प्रकरण कुणाचं, कोर्ट कुणाचं

यूएपीए हा एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याच्या अनुसूचीतला कायदा आहे. त्यामुळे ठाण्यात गुन्हा दाखल झाला की एनआयए कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अहवाल राज्य सरकारकडे आणि तिथून केंद्राकडे जातो. तपास एनआयएकडे द्यायचा की नाही, हे केंद्रानं अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत ठरवायचं असतं. तपास राज्याकडेच राहिला तर एटीएस आणि राज्याचा विशेष सरकारी वकील. एनआयएकडे गेला तर एनआयए कायद्याच्या कलम १५ खाली केंद्रानं नेमलेला वकील, आणि मराठवाड्यातली प्रकरणं तेव्हा बहुतेक वेळा मुंबईच्या विशेष न्यायालयात जातात. नांदेडचा पंच, परभणीचा दुकानदार, हिंगोलीचा मोबाइल विक्रेता यांना साक्षीसाठी मग सहाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. साक्षीदार का येत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

गुन्हा वर्ग होतानाचा मधला काळ फार धोक्याचा. याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. परभणीच्या आयसिस प्रकरणात जुलै २०१६ मध्ये एटीएसनं गुन्हा नोंदवला. सप्टेंबरमध्ये केंद्रानं तपास एनआयएकडे दिला आणि १४ सप्टेंबरला एनआयएनं गुन्ह्याची फेरनोंद केली. तरीही कागदपत्रं ताब्यात जाईपर्यंत एटीएसचा तपास चालूच होता, आणि ७ ऑक्टोबरला एटीएसनंच नांदेडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोषारोपपत्र दाखल केलं. दोषारोपपत्राची नव्वद दिवसांची मुदत भरायला तेव्हा मोजकेच दिवस उरले होते. आरोपींनी हरकत घेतली: एनआयएनं गुन्हा नोंदवल्यावर एटीएसला अधिकारच उरला नव्हता, म्हणून हे दोषारोपपत्र रद्दबातल आणि आम्हाला डिफॉल्ट जामीन (मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे हक्कानं मिळणारा) द्या. नासेर बिन अबू बक्र याफई प्रकरणात २० ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही हरकत फेटाळली. कलम ६(७) प्रमाणे एनआयए प्रत्यक्षात तपास हाती घेईपर्यंत तपास चालू ठेवणं हे मूळ यंत्रणेचं कर्तव्यच आहे, असं न्यायालयानं म्हटलं. 'आता दिल्लीवाले बघतील' म्हणून एटीएसनं फाइल कपाटात ठेवली असती, तर तेच आरोपी नव्वद दिवसांनी बाहेर असते. वर्ग होणाऱ्या गुन्ह्यात मुदतीचा हिशेब कोण ठेवतंय, हे सरकारी वकिलानं दोन्ही यंत्रणांकडून लेखी घ्यावं. तोंडी भरवशावर सोडू नये.

१ जुलै २०२४ पासून आणखी एक फाटा फुटला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्याचा गुन्हा आहे, आणि तो त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं ठरवायचं असतं. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन वाटा पुढे फार वेगळ्या होतात. यूएपीएतली जामिनावरची कडक बंधनं, दोषारोपपत्रासाठीची १८० दिवसांची मुदत आणि खटल्यासाठी कलम ४५ ची सरकारी मंजुरी, यांतलं काहीही ११३ ला आपोआप लागू होत नाही. अधीक्षकांनी निर्णय का घेतला, याची चार ओळींची नोंद फाइलवर आहे का, हे पहिल्याच दिवशी बघावं.

अटकेचा दिवस

पूर्वी अटकेची कारणं तोंडी वाचून दाखवली आणि स्टेशन डायरीत नोंद केली की भागायचं. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यूएपीएच्या अटकेतही लेखी कारणं देणं बंधनकारक ठरवलं आणि ती न दिल्यामुळे अटकच बेकायदा ठरवली. या निकालातला बारकावा महत्त्वाचा आहे. 'पुरावा नष्ट होऊ नये म्हणून', 'पुढील तपासासाठी' ही छापील वाक्यं कुणालाही लागू पडतात. या आरोपीनं काय केलं म्हणून त्याला पकडलं, ते त्याच्यापुरतं लिहिलेलं हवं. नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर राजेश शहा निकालानं हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं: कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि जागेवर देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडायला हवीत.

'समजणाऱ्या भाषेत' ही अट मराठवाड्यात गंभीरपणे घ्यावी लागते. नांदेडात पकडलेल्या माणसाचं शिक्षण उर्दू माध्यमातलं असू शकतं, देगलूर-बिलोलीकडे तो तेलुगू वाचणारा असू शकतो. मराठी छापील फॉर्मवर घेतलेली सही नंतर उच्च न्यायालयात उपयोगाची ठरत नाही. रिमांडला उभं राहण्यापूर्वी सरकारी वकिलानं हा एक कागद स्वतः मागून वाचावा. भाषा, वेळ, पोच आणि नातेवाइकांना कळवल्याची नोंद, एवढं तपासायला दहा मिनिटं पुरतात.

तपास कोण करतंय हेही तेव्हाच बघावं. यूएपीएत राज्याच्या जिल्हा पोलिसांकडून तपास होत असेल, तर तो पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. पहिले चार दिवस पोलीस निरीक्षकानं जबाब घेतले आणि उपअधीक्षक साहेबांनी नंतर सह्या केल्या, असला प्रकार उलटतपासात उघडा पडतो.

नव्वद दिवसांचा हिशेब

साध्या गुन्ह्यात पोलीस कोठडीची मर्यादा १५ दिवस आहे. यूएपीएच्या कलम ४३डी प्रमाणे ती ३० दिवसांपर्यंत जाते. दोषारोपपत्राची मुदत ९० दिवस, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावरून कोर्ट ती जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मुदत संपली आणि दोषारोपपत्र नाही, वाढही नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा कितीही भयंकर असो.

मोजायचं कसं, यावर बरीच वर्षं दोन मतं होती. कपिल वाधवान प्रकरणात २७ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठानं वाद मिटवला: पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. म्हणजे १३ जानेवारी २०२६, मंगळवारी पहिला रिमांड झाला असेल, तर जानेवारीचे १९ दिवस, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे १२. नव्वदावा दिवस १२ एप्रिल. तो रविवार. आदल्या दिवशी दुसरा शनिवार. सुट्टी आली म्हणून तपास यंत्रणेला एक दिवस वाढवून मिळत नाही. त्यात १४ एप्रिलच्या जयंतीचा बंदोबस्त, म्हणजे तपासी अंमलदार आणि त्यांचे निम्मे लोक त्या आठवड्यात रस्त्यावर. कागदावरचा नव्वदावा दिवस १२ तारखेला असला, तरी कामाचा शेवटचा दिवस १० तारखेचा शुक्रवारच, आणि खरं तर सगळं त्याच्याही आधी उरकायला हवं.

म्हणून सरावलेले सरकारी वकील साठाव्या दिवसाच्या आसपास तपासी अंमलदाराला बोलावून घेतात. पंचाहत्तराव्या दिवसापर्यंत कच्चा अहवाल, ऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यान अर्ज दाखल, आरोपीला प्रत, सुनावणी आणि आदेश. आदेश नव्वद दिवसांच्या आत हवा. अर्ज वेळेत टाकला एवढं समाधान पुरत नाही. जिगर अदातिया प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक अट पक्की केली: मुदतवाढीच्या अर्जाच्या वेळी आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर ठेवून, असा अर्ज आलाय हे सांगणं आवश्यक आहे. तुरुंगातला व्हिडिओ कॉल नेमका त्या दिवशी बंद असतो. रोजनाम्यात 'आरोपी हजर, अर्जाची माहिती दिली' ही ओळ लिहून घेतल्याशिवाय कोर्ट सोडू नये.

कोर्टही योग्य हवं. बिक्रमजीत सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०२० च्या निकालाप्रमाणे विशेष न्यायालय अस्तित्वात असेल, तर नव्वदची मुदत तेच वाढवू शकतं, तपास राज्य पोलिसांचा असला तरीही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून वाढ घेतली तर ती वाया जाते, आणि चूक लक्षात येईपर्यंत नव्वद दिवस उलटून गेलेले असतात.

आता अहवालाचा मजकूर. कायद्याला दोन गोष्टी हव्यात: तपासात काय प्रगती झाली, आणि आरोपीला नव्वद दिवसांपुढे कोठडीत ठेवण्याची विशिष्ट कारणं काय. दुसरा भाग हमखास कच्चा राहतो. 'सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेचा अहवाल) येणे बाकी आहे' हे तपास अपुरा असण्याचं कारण झालं, कोठडीचं नव्हे. फोन प्रयोगशाळेत पडून आहे, तर माणूस तुरुंगात का हवा? याचं उत्तर लिहावं लागतं: फोनमधल्या कोणत्या संपर्कापर्यंत पोहोचायचं आहे, तो फरार आहे का, आरोपी सुटला तर कोणत्या साक्षीदारावर दबाव येईल. अहवालात प्रत्येक आरोपीचा परिच्छेद वेगळा असावा. पाच आरोपींना मिळून एकच कारण दिलं, की पाचवा, ज्याच्याविरुद्ध फक्त एक सिमकार्ड आहे, तो बाकी चौघांचंही प्रकरण पातळ करतो.

अहवाल सरकारी वकिलाचा असावा. तपासी अंमलदाराच्या अर्जावर 'फॉरवर्डेड' लिहून सही केली, तर ते भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. सुरेंद्र गडलिंग प्रकरणात तेच झालं. मुंबई उच्च न्यायालयानं मुदतवाढ रद्द केली, फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मजकुराकडे पाहून ती वाचवली. वाचली म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. दोन स्वतंत्र कागद ठेवावेत, एक तपासी अंमलदाराचं पत्र आणि दुसरा सरकारी वकिलाचा स्वतःच्या शब्दांतला अहवाल.

आणि उशीर तासांचाही चालत नाही. एम. रवींद्रन प्रकरणात (ते अमली पदार्थांचं होतं) आरोपीनं जामीन अर्ज सकाळी साडेदहाला टाकला, यंत्रणेनं तक्रार त्याच दिवशी दुपारी चार पंचवीसला दाखल केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन कायम केला. हक्क एकदा वापरला की नंतर आलेलं दोषारोपपत्र तो हिरावून घेऊ शकत नाही.

मंजुरी: एकाच खटल्यात तीन टेबलं

स्फोटकं, पिस्तूल आणि कट असा खटला असेल तर मंजुऱ्याही वेगवेगळ्या लागतात. यूएपीएच्या दहशतवादाच्या प्रकरणांसाठी कलम ४५ प्रमाणे सरकारची मंजुरी, स्फोटक पदार्थ कायदा १९०८ च्या कलम ७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची संमती, शस्त्र कायद्याच्या कलम ३ च्या गुन्ह्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. जोडीला न्याय संहितेचं कलम १५२ (देशाच्या सार्वभौमत्वाला धोका) लावलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २१७ खाली चौथी. फाइल मंत्रालयात गेली की सगळे मुंबईकडे डोळे लावून बसतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयातला कागद राहून जातो.

कलम ४५ ची मंजुरी दोन टप्प्यांची आहे. आधी एक स्वतंत्र प्राधिकरण पुरावा पाहून शिफारस करतं, मग सरकार मंजुरी देतं. २००८ च्या नियमांनी दोन्ही टप्प्यांना कामकाजाचे सात-सात दिवस दिले आहेत. ही मुदत नुसती शोभेची आहे, अशी समजूत बराच काळ होती. २३ सप्टेंबर २०२४ रोजी फुलेश्वर गोप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती पाळणं बंधनकारक असल्याचं सांगितलं. मंजुरीवरची हरकत आरोपीनंही लवकरात लवकर घ्यावी, असंही त्याच निकालात आहे.

मंजुरीचा आदेश वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: कोणते कागद समोर होते याची यादी, शिफारस आणि मंजुरी यांच्या तारखा, आणि दोन्हींचा मजकूर. दोन्ही आदेश शब्दशः सारखे असतील तर स्वतंत्र विचार झाला, हे साक्षीच्या पिंजऱ्यात पटवून देणं अवघड जातं. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ च्या निकालात विशेष न्यायालयानं यूएपीएच्या दोन्ही मंजुऱ्या सदोष ठरवल्या आणि तो कायदा लागूच होत नाही असं म्हटलं. सतरा वर्षांनी कळलेला हा दोष अगदी सुरुवातीच्या कागदांतला होता. एक दिलासा मात्र आहे: मंजुरी यायची राहिली म्हणून दोषारोपपत्र अपूर्ण ठरत नाही आणि तेवढ्यावर डिफॉल्ट जामीनही मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये जजबीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

प्रत्येक कायदा आपापल्या पायावर उभा राहिला पाहिजे, हे औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात दिसलं. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसनं गाड्यांचा पाठलाग करून आरडीएक्स, एके-४७ आणि काडतुसं पकडली. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं २२ पैकी १२ जणांना दोषी धरलं. मकोका टिकला नाही. यूएपीए, शस्त्र आणि स्फोटकांचे कायदे टिकले. मकोकाच्या आधारावरच सगळा डोलारा उभा केला असता तर निकाल काय लागला असता, याचा विचार सरकारी वकिलानं दोषारोपपत्र तपासतानाच करावा.

फोन, पेन ड्राइव्ह आणि जालन्याचा निकाल

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावरचा देशभर उद्धृत होणारा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे, हे इथल्या बऱ्याच तरुण वकिलांनाही माहीत नसतं. २०१४ च्या विधानसभेत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला का, हा वाद होता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्याचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते देणारा टाळाटाळ करत असेल तर कोर्टाकडून आदेश मागता येतो.

आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा आणि भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) आणि ते कोणत्या पद्धतीनं काढलं, ते लिहायचं. घोटाळा होतो तो असा: जप्तीच्या दिवशी हॅश काढलाच नाही, फोन चालू अवस्थेत लखोट्यात गेला, मधे कुणीतरी 'बघू तर काय आहे' म्हणून उघडला, आणि प्रयोगशाळेचा हॅश वेगळा आला. बचाव पक्षाला पुढे फार काही करावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड दोन्हीकडे प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. मुद्देमाल ठाण्यात किती दिवस, कुणाच्या ताब्यात, कोणत्या सीलसह होता आणि कोणत्या तारखेला प्रयोगशाळेत पोहोचला, याचा साखळी-तक्ता दोषारोपपत्राला जोडावा. सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) वेळेत मागवावा. डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांवर किमान दोन वर्षं नोंदी ठेवण्याचं बंधन आहे, पण फरार आरोपी तिसऱ्या वर्षी सापडला तर ती नोंद कुठून आणणार?

ध्वनिमुद्रित संभाषणांत भाषेचाही प्रश्न असतो. आपल्याकडची बोली दखनी, कागद मराठीत, युक्तिवाद इंग्रजीत. उत्तरेकडच्या हिंदीची सवय असलेल्या माणसानं केलेलं लिप्यंतर जसंच्या तसं स्वीकारू नये. त्या भागातल्या जाणकाराकडून पडताळून घ्यावं, आणि त्या जाणकाराचं नाव साक्षीदारांच्या यादीत टाकावं.

जामीन

कलम ४३डी(५) प्रमाणे आरोप सकृतदर्शनी खरे वाटत असतील तर विशेष न्यायालय जामीन देऊ शकत नाही, आणि सरकारी वकिलाला ऐकल्याशिवाय तर नाहीच. वटाली प्रकरणाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर सरकारी बाजू हे कलम वाचून खाली बसायची. आता तसं भागत नाही. नजीब (२०२१) निकालानं सांगितलं की खटला लांबून मूलभूत हक्क मोडत असेल तर उच्च न्यायालय या कलमाला ओलांडून जामीन देऊ शकतं. व्हर्नन गोन्साल्विस (२०२३) निकालानं पुराव्याचं वजन बघायला सुरुवात केली. जावेद गुलाम नबी शेख (जुलै २०२४) प्रकरणात तर न्यायालयानं म्हटलं की खटला वेळेत चालवण्याची सोय सरकारकडे नसेल, तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये.

त्यामुळे 'गुन्हा अतिशय गंभीर स्वरूपाचा आहे' या ओळीनं सुरू होणारा से म्हणजे वाया घालवलेला कागद. उपयोगी से तक्त्यासारखा असतो: आरोपीचं नाव, त्याच्याविरुद्धचा पुरावा, दोषारोपपत्राचं पान, आणि त्या पुराव्यातून कोणत्या कलमाचा कोणता घटक दिसतो. एखाद्या रकान्यात काहीच नसेल तर ते ओढूनताणून भरू नये. त्या आरोपीपुरता विरोध सौम्य ठेवणं हेही सरकारी वकिलाच्याच अधिकारात येतं, आणि त्यानं बाकीच्यांविरुद्धचं म्हणणं जास्त ऐकलं जातं.

उशिराला दुसरं उत्तर नाही, खटला चालवावा लागतो. यादीत पंच, कंपन्यांचे नोडल अधिकारी, लॉजचे मॅनेजर असे ढीगभर साक्षीदार असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली कागदपत्रं मान्य-अमान्य करण्याची नोटीस बचाव पक्षाला दिली तर त्यातले बरेच कमी होतात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. नांदेडच्या एप्रिल २००६ च्या स्फोटाच्या खटल्याचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये लागला, आणि उरलेले सगळे आरोपी निर्दोष सुटले. नांदेडच्याच २०१२ च्या लष्कर-ए-तोयबा प्रकरणात मुंबईच्या न्यायालयानं जून २०२१ मध्ये तिघांना दहा वर्षं दिली आणि दोघांना सोडलं. इतक्या वर्षांनी पंचाला पंचनामा आठवत नाही, यात नवल काय?

साक्षीदार संरक्षणाबाबत एकच गोष्ट. एनआयए कायद्याच्या कलम १७ आणि यूएपीएच्या कलम ४४ खाली नाव झाकता येतं. पण जबाबात नाव काळं करून 'मी बसस्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो' तसंच ठेवलं, तर औंढा किंवा सेनगावसारख्या गावात तो कोण, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. झाकलेली प्रत द्यायच्या आधी त्या तालुक्यातल्या माणसाच्या नजरेनं वाचून काढावी.

खंडपीठातलं काम: रासुका आणि एमपीडीए

औरंगाबाद खंडपीठात सरकारी वकिलांच्या कार्यालयात स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटला न चालवता कोठडीत ठेवण्याविरुद्धच्या, याचिका नेमानं येतात; आदेश रासुकाचे असतात किंवा एमपीडीएचे (धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या राज्याच्या कायद्याचे). रासुकात, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० मध्ये, दिवस असे मोजायचे: कारणं स्थानबद्धाला साधारण ५ दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला राज्याची मान्यता १२ दिवसांत, राज्याचा अहवाल केंद्राकडे ७ दिवसांत, प्रकरण सल्लागार मंडळापुढे ३ आठवड्यांत, मंडळाचं मत स्थानबद्धतेपासून ७ आठवड्यांत, आणि कमाल काळ १२ महिने. कोर्टापुढे उभं राहताना हा तक्ता हातात हवा. स्थानबद्धानं दिलेलं निवेदन कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होतं, याचा खुलासा दिवसागणिक मागितला जातो, आणि 'प्रशासकीय कारणास्तव' हा खुलासा धरला जात नाही.

मुद्द्याचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. राम मनोहर लोहिया प्रकरणात (१९६६) सर्वोच्च न्यायालयानं एकात एक तीन वर्तुळं कल्पिली: सगळ्यांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यांत आत राज्याच्या सुरक्षेचं. दोन गटांतली मारामारी पहिल्या वर्तुळात राहते. तिच्यावर आतल्या वर्तुळातला कायदा लावला की आदेश रद्द होतो. आदेशाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला हे आदेश निघण्याआधी सांगणं हे सरकारी वकिलाचं काम. प्रत्यक्षात फाइल त्याच्याकडे येते ती याचिका दाखल झाल्यावर. वाचता न येणाऱ्या झेरॉक्स प्रती, भाषांतर न केलेले जबाब, तीन वर्षांपूर्वीच्या घटना आणि पडताळणीची सही नसलेले इन-कॅमेरा (नाव गुप्त ठेवून घेतलेले) जबाब, ही तिथली नेहमीची दुखणी.

बंद लखोट्याचाही मोह टाळावा. मीडिया वन वाहिनीच्या प्रकरणात ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचं कारण हवेतून काढता येणार नाही. गुप्तता हवी असेल तर कोणता भाग, का आणि किती, हे प्रतिज्ञापत्रावर मांडावं. बाकीचं समोरच्याला द्यावं.

इथवर पोहोचायचं कसं

सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती एमपीएससीमार्फत होते. तो गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाच्या ताब्यात असतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम करतो. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणि खंडपीठातले सरकारी वकील विधी व न्याय विभाग ठरावीक मुदतीसाठी नेमतो. एनआयएच्या सरकारी वकिलासाठी किमान ७ वर्षांची वकिली किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर तेवढीच वर्षं काम, मकोकाच्या आणि एरवीच्या विशेष सरकारी वकिलासाठी १० वर्षं. म्हणजे एलएलबी होऊन थेट या टेबलावर कुणी बसत नाही. मधल्या वर्षांत रोज रिमांडला उभं राहणं, पंचनामे वाचणं आणि सत्र न्यायालयात खुनाचे साधे खटले शेवटापर्यंत चालवणं, हेच उपयोगी पडतं. घटनात्मक युक्तिवाद पुस्तकातून शिकता येतो. पंचाचा सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी) कसा घ्यायचा, हे मात्र कोर्टात उभं राहूनच शिकावं लागतं. उर्दू वाचता येत असेल तर मराठवाड्यात त्याचा फार उपयोग होतो, कारण जप्त झालेल्या वह्या आणि पत्रं बऱ्याचदा त्याच लिपीत असतात, आणि दुभाष्यानं काय गाळलं हे ज्याला मूळ वाचता येतं त्यालाच दिसतं.